सी प्लस असलेली ट्रान्सक्रिप्ट आणि अमेरिकेतलं चांगलं कॉलेज: अर्जाची तयारी कशी करावी

माझ्या मुलीच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे अमेरिकेतल्या हायस्कूलच्या चार वर्षांच्या गुणपत्रिकेवर, दहावीच्या रकान्यात केमिस्ट्रीपुढे सी प्लस आहे. ती अकरावीत असताना मार्चमधल्या एका शनिवारी आम्ही दोघी तो कागद जेवणाच्या टेबलावर ठेवून बसलो होतो. बाकी ओळी कितीतरी होत्या, पण दोघींची नजर त्या एकाच ओळीवर जाऊन अडकत होती. मी महाराष्ट्रात वाढलेली. गुणपत्रिका, मेरिट लिस्ट, कट-ऑफ याच क्रमाने माझं डोकं चालायचं. कट-ऑफच्या खाली अर्धा टक्का म्हणजे विषय संपला. त्यामुळे ३.३ जीपीए (सगळ्या ग्रेडची सरासरी, ४.० पैकी) असताना चांगल्या कॉलेजचं नावही काढायचं नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

ते चुकीचं होतं, आणि माझ्या चुकीचा भार काही महिने मुलीने वाहिला. पुढे तिचा अर्ज, मग तिच्या मैत्रिणींचे, ओळखीतल्या मराठी घरांमधल्या मुलांचे, असे बरेच अर्ज मी बसून वाचले. त्यातून जे कळलं ते इथे ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. हार्वर्ड, स्टॅनफर्ड अशा कॉलेजांत शंभर अर्जांमागे चारेक मुलांना प्रवेश मिळतो, आणि तिथे ४.० वाल्यांनाही नकार येतात. ३.३ घेऊन तिथे जाण्याची युक्ती माझ्याकडे नाही आणि कुणी पैसे घेऊन ती विकत असेल तर पैसे देऊ नका. पण निवडक कॉलेजं म्हणजे तेवढीच नव्हेत. शंभरातल्या वीस, तीस, चाळीस मुलांना घेणारी उत्तम कॉलेजं अमेरिकेत भरपूर आहेत, आणि तिथे अर्ज माणूस वाचतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

वाचणारा काय वाचतो

ॲडमिशन ऑफिसात बसलेल्या माणसाकडे सहसा एखादा प्रदेश दिलेला असतो. त्या भागातल्या शाळा त्याला माहीत असतात. ट्रान्सक्रिप्टबरोबर शाळा 'स्कूल प्रोफाइल' नावाचा एक कागद पाठवते. शाळेत एपीचे, म्हणजे कॉलेजच्या पातळीवरचे, किती विषय शिकवले जातात, रँक देतात की नाही, ग्रेड कसे मोजले जातात, असं सगळं त्यात असतं. तुमचा अर्ज या कागदाच्या शेजारी ठेवून वाचला जातो. शाळेत एपीचे पाचच विषय असतील तर तुम्ही पंधरा का घेतले नाहीत, असं कुणी विचारत नाही.

बऱ्याच कॉलेजांत जीपीए पुन्हा मोजतात. पीई (शारीरिक शिक्षण), आरोग्य असे विषय बाजूला काढून इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं आणि परकी भाषा या पाच मुख्य विषयांकडे बघतात. मग दोन प्रश्न असतात. शाळेत जे अवघड विषय उपलब्ध होते त्यातले या मुलीने किती घेतले? आणि ग्रेड वर जाताहेत की खाली येताहेत? सोपे विषय घेऊन मिळवलेल्या ३.८ पेक्षा अवघड विषय घेऊन चढत गेलेला ३.४ पुष्कळदा जास्त वजनदार ठरतो. हे मला पटायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण आपल्याकडे टक्के हे टक्के असतात, त्यांना चढण-उतरण नसते.

पहिलं काम: आपली ट्रान्सक्रिप्ट परक्या नजरेने वाचा

काउन्सेलरकडून, म्हणजे विषय आणि कॉलेज निवडायला मदत करणाऱ्या शाळेतल्या सल्लागाराकडून, अनधिकृत प्रत मागून घ्या. एक कोरा कागद घ्या, उभे चार रकाने करा, नववी ते बारावी. आडव्या पाच ओळी, पाच मुख्य विषय. प्रत्येक चौकोनात ग्रेड लिहा, विषय ऑनर्स (नेहमीपेक्षा वरच्या पातळीचा) किंवा एपी असेल तर तेही लिहा. आता प्रत्येक वर्षाचा जीपीए वेगळा काढा.

माझ्या मुलीचा असा निघाला: नववी २.९, दहावी ३.१, अकरावीचं पहिलं सेमिस्टर ३.८. सरसकट सरासरी काढली तर ३.३च्या आत-बाहेर. पण हे तीन आकडे ओळीने लिहिल्यावर तिला स्वतःलाच पहिल्यांदा दिसलं की आपण वर आलो आहोत. एकच आकडा बघत बसल्यामुळे ते दिसत नव्हतं.

यानंतर प्रत्येक कमी ग्रेडशेजारी कारण लिहा. खरं कारण. कारणं साधारण तीन जातींची असतात. एक, काहीतरी घडलं: आजारपण, घरातलं संकट, शाळा किंवा देश बदलणं. दुसरं, तो विषयच जड गेला. तिसरं, अभ्यास केला नाही. तिसरं कारण सगळ्यात जास्त वेळा असतं आणि ते लिहायला सगळ्यात जड जातं. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून इथे स्वतःशी खोटं बोललात तर पुढचं सगळंच चुकतं. घडलेल्या गोष्टीचं स्पष्टीकरण देता येतं. जड गेलेल्या विषयात पुढच्या पायरीचा कोर्स नीट करून दाखवता येतो. अभ्यास न केल्याचं मात्र कसलंही स्पष्टीकरण लिहू नका. त्याचं उत्तर पुढच्या सेमिस्टरचे ग्रेडच देतात.

हातात किती वेळ उरला आहे

नववी किंवा दहावीत असाल तर बरंच काही हातात आहे. अकरावीत असाल तर हे वर्ष सगळ्यात जवळून वाचलं जाणार आहे. बारावीत असाल तरी पहिलं सेमिस्टर बाकी आहे, आणि त्याचे ग्रेड 'मिड-इयर रिपोर्ट' म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत कॉलेजांकडे जातात. 'बारावीचं कोण बघतं' हा समज अतिशय महागात पडतो. ज्यांची मागची वर्षं कच्ची आहेत त्यांच्यासाठी बारावीचं पहिलं सेमिस्टर हा सगळ्यात ताजा पुरावा असतो.

अवघड विषय निवडताना तोल सांभाळा. बी मायनसवरून उठून एकदम पाच एपी घेणाऱ्या मुलांची मी फरफट पाहिली आहे. जिथे मुलाचा जीव रमतो अशा दोन-तीन विषयांत एपी आणि बाकी ऑनर्स, एवढ्यावरही चढण दिसते. एपीची परीक्षा मे महिन्यात असते, गुण १ ते ५. वर्गात बी मिळाला आणि परीक्षेत ५ आले, तर विषय मुलाला येतो हे बाहेरच्या परीक्षकाने सांगितलेलं असतं. बहुतेक कॉलेजांच्या अर्जात हे गुण कळवायचे की नाही हे तुम्ही ठरवता. ४ आणि ५ जरूर लिहा.

जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं स्थानिक सरकारी कॉलेज) हायस्कूलमध्ये असतानाच एखादा कोर्स करता येतो, त्याला ड्युअल एनरोलमेंट म्हणतात. रसायनशास्त्रात सी आला असेल आणि उन्हाळ्यात कॉलेजच्या पातळीवर तोच विषय ए मिळवून पार केला, तर वाचणाऱ्याची शंका बऱ्यापैकी फिटते. पण सावध राहा: ती कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट आहे आणि ती आयुष्यभर राहते. पुढे मेडिकल स्कूलला अर्ज करायचा झाला तर हायस्कूलमध्ये असताना घेतलेले कॉलेजचे कोर्सही त्यात मोजले जातात. एका वेळी एकच कोर्स घ्या आणि वेळ असेल तरच घ्या.

स्पष्टीकरण: कुठे लिहायचं, किती लिहायचं

कॉमन ॲप म्हणजे एकच अर्ज अनेक कॉलेजांना पाठवायची ऑनलाइन सोय. त्यात मुख्य निबंध ६५० शब्दांचा असतो. तो ग्रेडची कैफियत मांडण्यात घालवू नका. त्या निबंधातून मूल भेटलं पाहिजे. त्याला काय आवडतं, ते कसं विचार करतं, कुठे अडतं आणि अडल्यावर काय करतं, हे तिथे यायला हवं. ग्रेडच्या कारणासाठी अर्जात वेगळी जागा आहे. अडचणी आणि परिस्थितीबद्दलच्या प्रश्नाला २५० शब्द मिळतात आणि जादा माहितीच्या रकान्याला ३००. पूर्वी जादा माहितीला ६५० शब्द होते, २०२५-२६च्या अर्जापासून ते कमी केले. म्हणजे पाल्हाळाला आता जागाच नाही, आणि ते बरंच झालं.

मुलीचा पहिला खर्डा साधारण असा होता. मूळ इंग्रजीत, इथे मराठीत सांगते:

"दहावीचं वर्ष माझ्यासाठी अत्यंत कठीण होतं. घरच्या परिस्थितीमुळे मी खचून गेले होते. पण या अनुभवाने मला खूप काही शिकवलं आणि मी आज एक कणखर व्यक्ती बनले आहे."

मी वाचलं आणि मला रडू आलं, कारण ते वर्ष मी पाहिलं होतं. पण ज्याने पाहिलेलं नाही त्याला या तीन वाक्यांतून काय कळतं? काहीच नाही. कुठली परिस्थिती, कधीपासून कधीपर्यंत, कुठल्या विषयावर परिणाम झाला, पुढे काय केलं? आम्ही या चार प्रश्नांची उत्तरं लिहिली आणि बाकी सगळं खोडलं:

"दहावीच्या दुसऱ्या सेमिस्टरमध्ये आजोबांच्या आजारपणामुळे आई सात आठवडे भारतात होती. बाबांची ड्यूटी रात्रीची होती. सात वर्षांच्या भावाला शाळेतून आणणं आणि संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे होता. त्या काळात केमिस्ट्रीच्या लॅबचे चार अहवाल मी वेळेत दिले नाहीत आणि ग्रेड सी प्लसवर आला. अकरावीत मी एपी केमिस्ट्री घेतलं. ग्रेड ए मायनस, मेच्या परीक्षेत ४."

एवढंच. यात दुःखाचा एकही शब्द नाही आणि कणखर हा शब्दही नाही. वाचणारा कागदावरचा सी प्लस बघतो, हे वाचतो, पुन्हा कागदावर अकरावीचा ए मायनस बघतो. बाकी निष्कर्ष तो स्वतः काढतो. चार अहवाल उशिरा दिल्याचं कबूल करायला मुलगी तयार नव्हती. पण त्याच वाक्यामुळे बाकीची वाक्यं खरी वाटतात.

एडीएचडी किंवा डिस्लेक्सियाचं निदान उशिरा झालं आणि मदत मिळाल्यावर ग्रेड सुधारले, असं असेल तर ते सांगता येतं. सांगायचंच असं बंधन कुठेही नाही. मानसिक आजाराबद्दल मात्र थोडं थांबून ठरवा. लिहायचं असेल तर काय झालं, काय उपचार घेतले आणि आता किती काळ सगळं सुरळीत आहे, एवढंच. हे काउन्सेलरच्या पत्रातून गेलं तर अनेकदा जास्त चांगलं.

आणि एकाच सेमिस्टरमधल्या एका बी प्लसचं स्पष्टीकरण देऊ नका. ज्याला कुणी डाग म्हणत नव्हतं त्यावर तुम्हीच बोट ठेवता.

काउन्सेलर आणि शिक्षक

काउन्सेलरचं पत्र हा अर्जातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे, निदान आपल्या घरांत. आपण काउन्सेलरकडे जातो ते वेळापत्रक बदलायला. मोठ्या सरकारी हायस्कूलमध्ये एका काउन्सेलरकडे कित्येकशे मुलं असतात. त्याला तुमच्या मुलाचं घर, त्याचं आजारपण, त्याची धडपड माहीत असण्याचं कारण नाही. अकरावीच्या शेवटी शाळा 'ब्रॅग शीट', म्हणजे मुलाने स्वतःबद्दल सांगायचा फॉर्म, भरून घेते. ती मन लावून भरा. वर सांगितलेला चौकोनांचा कागद घेऊन मुलाने स्वतः वेळ ठरवून त्यांना भेटावं. आईवडिलांनी शेजारी बसून बोलू नये. मी पहिल्या भेटीत बोलले होते. दुसऱ्या भेटीला मुलगी एकटी गेली आणि अर्ध्या तासाने परत आली तेव्हा काउन्सेलरने तिला तीन कॉलेजांची नावं लिहून दिली होती, जी मी कधी ऐकलीही नव्हती.

शिफारसपत्रासाठी ज्याच्या विषयात ए मिळाला त्याच शिक्षकाकडे जाण्याचा मोह होतो. ज्या शिक्षकाने मुलाला धडपडताना पाहिलं आहे त्याचा आधी विचार करा. सकाळी शाळा भरायच्या आधी गणिताच्या खोलीत जाऊन आठवडाभराच्या चुका सोडवणारा मुलगा, शेवटी बी प्लसवर आलेला, त्याच्याबद्दल शिक्षकाकडे लिहायला खरंखुरं काहीतरी असतं. सहसा अकरावीचे शिक्षक घ्यावेत आणि मे-जूनमध्येच विचारावं. सप्टेंबरमध्ये त्यांच्याकडे रांग लागलेली असते.

सॅट, एसीटी द्यायची का

सॅट आणि एसीटी या कॉलेजप्रवेशासाठी देशभर घेतल्या जाणाऱ्या परीक्षा. बोडन कॉलेजने १९६९ सालीच त्यांचे गुण ऐच्छिक केले होते. कोविडनंतर जवळजवळ सगळ्यांनी तसं केलं, आणि आता वारं पुन्हा फिरलं आहे. एमआयटीने २०२२ मध्ये परीक्षा परत सक्तीची केली. २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक यांनीही परीक्षेचे गुण पुन्हा मागायचं ठरवलं. येलने तेव्हा सॅट-एसीटीच्या जागी एपी किंवा आयबी (आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) यांचे गुणही चालवून घ्यायचं ठरवलं. कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे यूसी, याच्या अगदी उलट: तिथे प्रवेश ठरवताना गुण पाठवले तरी बघत नाहीत. नियम दरवर्षी बदलतात, म्हणून प्रत्येक कॉलेजचं स्वतःचं पान उघडून बघा, मैत्रिणीच्या मुलाच्या वेळचं ऐकू नका.

ग्रेड कमी असतील तर परीक्षा द्यावीच, असं माझं मत आहे. निदान एकदा. अभ्यास करून दुसऱ्यांदा. बरीच कॉलेजं दोन वेळच्या परीक्षांतले प्रत्येक विभागाचे वरचे गुण एकत्र धरतात. गुण त्या कॉलेजातल्या मधल्या पन्नास टक्के मुलांच्या वरच्या टोकाला असतील तर पाठवा, खालच्या टोकाच्याही खाली असतील आणि सक्ती नसेल तर ठेवून द्या. एक धोका मात्र आहे. सॅटला १६०० पैकी १५२० आणि घसरत जाणारे ग्रेड एकत्र आले की वाचणाऱ्याला वाटतं, डोकं आहे पण बैठक नाही. परीक्षेचे गुण चढत्या ग्रेडला हात देतात. उतरत्या ग्रेडसमोर ते उलट साक्ष देऊ शकतात.

कॉलेजांची यादी: इथे सगळ्यात जास्त वेळ घाला

बहुतेक घरांत यादी क्रमवारीच्या वेबसाइटवरून खाली उतरत केली जाते. पहिली पंचवीस नावं, मग राज्य विद्यापीठ. कमी ग्रेडच्या मुलासाठी ही पद्धत सरळ घातक आहे, कारण त्यातून कळत नाही की कुठलं कॉलेज काय बघतं. ते कळण्याची जागा वेगळी आहे आणि फुकट आहे.

कॉलेजच्या नावापुढे 'कॉमन डेटा सेट' असं टाकून शोधा. बहुतेक कॉलेजं दरवर्षी ही पीडीएफ स्वतःच प्रसिद्ध करतात. त्यातला सी विभाग प्रवेशाचा. सी ७ हा तक्ता छापून घ्या. शाळेतल्या विषयांची काठिण्यपातळी, जीपीए, रँक, परीक्षेचे गुण, निबंध, शिफारसपत्रं, मुलाखत, कलागुण, स्वभाव, कॉलेजबद्दल दाखवलेली आस्था, अशा प्रत्येक गोष्टीपुढे 'अतिशय महत्त्वाची', 'महत्त्वाची', 'विचारात घेतो' किंवा 'विचारात घेत नाही' यांपैकी एका खणात खूण असते. जीपीए 'अतिशय महत्त्वाचा' आणि निबंध-शिफारस नुसतं 'विचारात घेतो' असं असेल, तर ते कॉलेज आकड्यावर चालतं. तिथे वेळ कमी घाला. काठिण्यपातळी, निबंध, शिफारस, स्वभाव या सगळ्यांपुढे वरच्या खणात खुणा असतील, तर तिथे तुमची गोष्ट ऐकली जाण्याची शक्यता आहे.

मग सी ११ बघा. प्रवेश घेतलेल्या मुलांपैकी किती टक्क्यांचा जीपीए ४.० होता, किती ३.७५ ते ३.९९ मध्ये होते, किती ३.२५ ते ३.४९ मध्ये, अशी उतरंड तिथे असते. काही कॉलेजं हा तक्ता भरत नाहीत. जिथे भरला आहे तिथे तुमच्या मुलाच्या खणात दोन टक्के मुलं आहेत की पंधरा, हे लगेच कळतं. दोन टक्के असतील तर ते खेळाडू किंवा एखाद्या वेगळ्या वाटेने आलेले असण्याची शक्यता धरून चाला. पंधरा असतील तर यादीत नाव घाला. आम्ही हे अठरा कॉलेजांसाठी केलं. दोन संध्याकाळी गेल्या. मुलीची मूळ यादी त्यानंतर अर्धी बदलली.

छोटी लिबरल आर्ट्स कॉलेजं, म्हणजे मुख्यतः पदवीपर्यंतच शिकवणारी, कला आणि विज्ञान दोन्ही असलेली कॉलेजं, नीट बघा. ओहायोचं केन्यन, मिनेसोटाचं मॅकॅलेस्टर, वॉशिंग्टन राज्यातलं व्हिटमन ही नावं मराठी घरांत फारशी कानावर येत नाहीत, म्हणून सुटून जातात. न्यूयॉर्क राज्यातल्या बार्ड कॉलेजने तर २०१३ मध्ये एक स्वतःची निबंधांची प्रवेशपरीक्षा सुरू केली. तेव्हा अडीच हजार शब्दांचे चार निबंध लिहायचे होते, आणि ते प्राध्यापकांना पुरेसे चांगले वाटले तर ग्रेड आणि सॅट न बघता प्रवेश. हा रस्ता सगळ्यांचा नाही, पण वाचनवेड्या मुलाला दाखवून ठेवावा. कलेच्या किंवा संगीताच्या मुलांना पोर्टफोलिओ आणि ऑडिशनचा मोठा आधार असतो, तो इथे फक्त नोंदवते.

विषय कुठला निवडता यानेही चित्र बदलतं. कॉम्प्युटर सायन्सला अनेक मोठ्या सरकारी विद्यापीठांत प्रवेश वेगळा आणि फार कठीण असतो. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात तर आत शिरल्यावर त्या विषयाकडे वळणं जवळजवळ अशक्य आहे. म्हणून 'आधी सोप्या विषयात घुसू, मग बदलू' हा बेत करण्याआधी त्या विद्यापीठाचा बदलीचा नियम वाचा. गणित, संख्याशास्त्र किंवा भाषाशास्त्र मुलाला खरंच आवडत असेल तर गोष्ट वेगळी.

यादी दहा-बारा कॉलेजांची पुरे. त्यात खात्रीची तीन असावीत, आणि ती मुलाला खरोखर आवडलेली असावीत. खात्रीच्या कॉलेजला भेट द्या, तिथल्या विभागाची माहिती काढा. सी ७ मध्ये आस्थेला महत्त्व असेल तर ऑनलाइन माहितीसत्राला नाव नोंदवणं, त्यांच्या ईमेल उघडणं, 'आमचंच कॉलेज का' या निबंधात त्यांच्या विशिष्ट कोर्सचं नाव असणं, या गोष्टी मोजल्या जातात.

अर्ज लवकर करायचा की थांबायचं

अर्ली डिसिजनची, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर अर्ज करायच्या फेरीची, तारीख साधारण १ नोव्हेंबर, आणि ते बंधन असतं: प्रवेश मिळाला तर जायचंच. अनेक खासगी कॉलेजांत या फेरीत शक्यता वाढते, ते आकडेही कॉमन डेटा सेटमध्ये सापडतात. म्हणून सगळे धावतात. पण तुमच्या मुलाची सगळ्यात भक्कम बाजू जर बारावीचं पहिलं सेमिस्टर असेल, तर १ नोव्हेंबरला ते कागदावर नसतं. अशा मुलाने थांबावं. जानेवारीच्या सुमाराला दुसरी अर्ली डिसिजन फेरी असते, आणि तोपर्यंत नवे ग्रेड कॉलेजला पोचवणं बहुतेक शक्य होतं. अकरावीच चांगली गेली असेल तर नोव्हेंबर ठीक. आणि खर्च परवडेल याची खात्री असल्याशिवाय बंधनकारक अर्ज करू नका. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाऊन घरच्यांना किती खर्च येईल याचा अंदाज देणारा) असतो, तो आधी चालवून बघा.

यूसीचं गणित वेगळं आहे

यूसीच्या अर्जाचा जीपीए नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतच्या ए-जी विषयांवर, म्हणजे यूसीने ठरवून दिलेल्या विषयांवर, मोजला जातो. नववीचे ग्रेड दिसतात, आकड्यात धरत नाहीत. माझ्या मुलीचे आकडे घ्या: सगळं धरून ३.३च्या खाली, पण दहावीचे ३.१ आणि अकरावीचे ३.८ मिळून ३.४५. वर एपीच्या विषयांना जादा गुण, जास्तीत जास्त आठ सेमिस्टरपुरते. किमान अट कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना ३.०, बाहेरच्यांना ३.४. किमान अट पूर्ण झाली म्हणजे प्रवेश मिळाला असं नव्हे. बर्कली आणि यूसीएलए फार वर आहेत. पण नववी घसरलेल्या मुलाला इथे नव्याने मोजलं जातं हे लक्षात ठेवा. निबंधांऐवजी आठ प्रश्नांपैकी चारांची ३५० शब्दांत उत्तरं असतात, आणि शिफारसपत्रं सहसा मागत नाहीत, म्हणून सगळा भार मुलाच्या स्वतःच्या शब्दांवर येतो.

कम्युनिटी कॉलेजातून बदली

याबद्दल आपल्या लोकांत बोलणं टाळलं जातं, म्हणून मी मुद्दाम बोलते. ओळखीतल्या एका मुलाचा हायस्कूलचा जीपीए २.७ होता. त्याची आई पार्ट्यांना यायची बंद झाली होती. तो कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं शिकला, बदली घेऊन यूसीत गेला, आणि त्याची पदवी इतरांसारखीच यूसीची आहे.

व्यवस्था अशी आहे. यूसीत बदलीने येणाऱ्यांमध्ये राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना प्राधान्य असतं आणि तेव्हा हायस्कूलचे ग्रेड बघत नाहीत. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस 'टॅग' नावाची लेखी हमी देतात: ठरलेले कोर्स आणि ठरलेला जीपीए पूर्ण केला तर जागा पक्की. प्रत्येक कॅम्पसच्या आणि विषयाच्या अटी वेगळ्या, आणि काही विषय हमीत बसत नाहीत. टॅगचा अर्ज सप्टेंबरमध्ये करायचा असतो. एकूण ६० सेमिस्टर युनिट लागतात. कुठला कोर्स कुठे चालतो हे 'असिस्ट' या वेबसाइटवर दिसतं, आणि ते पहिल्याच सेमिस्टरला बघा. मुलं दुसऱ्या वर्षी बघतात, मग गणिताचा एक कोर्स राहिलेला असतो आणि वर्ष वाढतं.

व्हर्जिनियातही कम्युनिटी कॉलेजांचे तिथल्या सरकारी विद्यापीठांशी असे हमीचे करार आहेत. पेन स्टेटमध्ये छोट्या कॅम्पसवर दोन वर्षं करून मुख्य कॅम्पसला जाण्याची जुनी वहिवाट आहे. खासगींमध्ये कॉर्नेल बदलीने येणारी बरीच मुलं घेतं. इतरांचे आकडे कॉमन डेटा सेटच्या डी विभागात मिळतील. एकाच वर्षानंतर बदली मागितली तर हायस्कूलचे ग्रेड अजून बघितले जातात. दोन वर्षांनंतर कॉलेजचे ग्रेड पुढे येतात.

निकालांनंतर

अर्ज पुढच्या फेरीत ढकलला किंवा वेटलिस्टवर ठेवला, तर एक पानाचं पत्र पाठवता येतं. त्यात नवे ग्रेड, नवं काही केलं असेल ते, आणि जागा मिळाली तर येणार का याचं खरं उत्तर. विनवण्या नकोत, आणि आजी-आजोबा, मामा, शेजारी यांची पत्रं तर नकोतच. कॉलेजने पत्र पाठवू नका असं सांगितलं असेल तर पाठवू नका.

१ मेपर्यंत एका कॉलेजला होकार आणि डिपॉझिट द्यावं लागतं, वेटलिस्टवर असाल तरी. कुठेच मनासारखं झालं नसेल तर मे महिन्यात 'नॅकॅक' ही काउन्सेलर आणि ॲडमिशन ऑफिसरांची संघटना जागा शिल्लक असलेल्या कॉलेजांची यादी प्रसिद्ध करते. त्यात दरवर्षी बरी कॉलेजं असतात, आणि काहींकडे आर्थिक मदतही उरलेली असते.

प्रवेशपत्रात एक ओळ असते की हा प्रवेश अंतिम ट्रान्सक्रिप्टवर अवलंबून आहे. शेवटच्या सेमिस्टरला ग्रेड कोसळल्यामुळे दिलेला प्रवेश परत घेतल्याची पत्रं जुलैमध्ये येतात. माझ्या मुलीने एप्रिलमध्ये एपी फिजिक्स सोडायचं म्हटलं होतं. तिने आधी कॉलेजला ईमेल करून विचारलं, त्यांनी सोडू नको म्हणून कळवलं, आणि तिने तो विषय बी घेऊन पुरा केला. अंतिम ट्रान्सक्रिप्ट जूनमध्ये शाळेकडून जाते, पण काही शाळांत त्यासाठी विनंतीचा फॉर्म भरावा लागतो. सुट्टी लागायच्या आधी काउन्सेलरच्या ऑफिसात जाऊन तो भरला आहे ना, एवढं बघून या.